वृद्धांचे दान आणि करखात्याचे मौन

अमेरिकेत जानेवारी महिना सरता सरता वृद्धांच्या टपालपेटीत एक कागद येऊन पडतो. १०९९-आर हे त्याचे नाव. सरलेल्या वर्षात निवृत्ती खात्यातून तुम्ही किती रक्कम उचलली हे त्यावर लिहिलेले असते, आणि त्याचीच दुसरी प्रत करखात्याकडे परस्पर रवाना झालेली असते. या कागदावर वर्षानुवर्षे एक गोष्ट मात्र लिहिली जात नसे. उचललेली रक्कम त्या वृद्धाच्या हाती आली की त्याच्या सांगण्यावरून थेट एखाद्या धर्मादाय संस्थेला गेली, याचा त्यावर पत्ताच नसे. खाते सांभाळणाऱ्या बँकेला अगर कंपनीला ते ठाऊक असे, कारण संस्थेच्या नावाचा धनादेश तिनेच काढलेला असे. परंतु ठाऊक असूनही ती गप्प राही, कारण नियमच तसा होता. मग ज्याने दान दिले त्यानेच करखात्याला सांगावयाचे, आणि सांगावयास विसरला तर जे पैसे आपल्या हाती कधी आलेच नाहीत त्यांच्यावर कर भरावयाचा, अशी ही व्यवस्था आहे.

परदेशातील एका कराच्या फॉर्मविषयी महाराष्ट्रातील साप्ताहिकाने एवढी जागा का खर्च करावी, असे वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. १९६५ साली अमेरिकेने राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडीत काढली आणि त्यानंतर आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. त्या पहिल्या पिढीतील मराठी माणसे आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची निवृत्ती खाती तिकडे आहेत आणि दान देण्याची इच्छा पुष्कळांना आहे. हे एक कारण झाले. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. राज्यसंस्था जेव्हा एखादी सवलत देते तेव्हा ती कायद्याच्या पुस्तकात आहे एवढ्याने भागत नाही. ती मिळविण्यासाठी पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकले आहे हे पाहिल्यावाचून ती कोणासाठी आहे ते समजत नाही. हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

प्रथम व्यवस्था समजावून घेतली पाहिजे. १९७४ साली अमेरिकेत निवृत्तिवेतनासंबंधी जो मोठा कायदा झाला त्याने व्यक्तिगत निवृत्ती खाते निर्माण केले. आयआरए या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. नोकरीच्या काळात या खात्यात जे पैसे घालावयाचे त्यांवर सर्वसाधारणपणे त्या वर्षी कर नाही. वृद्धपणी ते काढावयाचे तेव्हा मात्र कर. सरकारने सोडलेला कर कायमचा सोडलेला नसतो, लांबणीवर टाकलेला असतो. म्हणूनच एका वयानंतर खात्यातून दरवर्षी किमान काही रक्कम काढणे सक्तीचे आहे. ही वयोमर्यादा पूर्वी साडेसत्तर होती, २०१९ च्या कायद्याने ती ७२ झाली, २०२३ पासून ७३ झाली. ठरलेली रक्कम काढली नाही तर दंड. आणि तोही लहान नव्हे. २०२२ पर्यंत तो न काढलेल्या रकमेच्या निम्मा होता, आता २५ टक्के आहे.

ज्या वृद्धाला या पैशांची तितकीशी निकड नाही त्याने ते थेट धर्मादाय संस्थेला दिले तर त्यांवर कर नको, अशी तरतूद २००६ साली करण्यात आली. ‘क्यूसीडी’ या तीन अक्षरांनी ती तिकडे ओळखली जाते. वय साडेसत्तर पूर्ण असावे, रक्कम खात्यातून थेट संस्थेकडे जावी, आणि वर्षाची कमाल मर्यादा एक लाख डॉलर, अशा तिच्या अटी होत्या. पुढे ही मर्यादा महागाईशी जोडण्यात आली आणि २०२५ साली ती १ लाख ८ हजार डॉलर झाली. तरतूद आरंभी दोन वर्षांपुरतीच होती. मुदत संपे आणि काँग्रेस ती पुन्हा वाढवी, पुष्कळदा वर्ष जवळजवळ संपल्यावर. २०१२ सालापुरती मुदतवाढ जानेवारी २०१३ उजाडल्यावर मिळाली. २०१४ ची त्याच वर्षाच्या डिसेंबरात, नाताळच्या जेमतेम आठवडाभर आधी. तोवर वृद्धांनी सक्तीची रक्कम काढावी की थांबावे? थांबावे तर दंडाची भीती, काढावी तर सवलत हुकण्याची. डिसेंबर २०१५ मध्ये ती कायम झाली आणि हा वार्षिक छळ थांबला.

आता विवरणपत्र भरताना काय होते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. मिशिगन राज्यातील एक सेवानिवृत्त परिचारिका आहे. वय ७५, पती हयात नाही. सामाजिक सुरक्षा योजनेचे वेतन मिळते, इस्पितळाचे लहानसे निवृत्तिवेतन मिळते, आणि निवृत्ती खात्यात गेल्या वर्षअखेरीस २ लाख ४६ हजार डॉलर होते. या वयाला करखात्याच्या कोष्टकातील भाजक २४.६ आहे, म्हणजे तिने यंदा १० हजार डॉलर काढलेच पाहिजेत. त्यांपैकी ४ हजार ती गावातील अन्नछत्राला आणि गरिबांसाठी चालणाऱ्या एका दवाखान्याला देऊ इच्छिते. खाते सांभाळणाऱ्या कंपनीला ती तसे कळवते, कंपनी त्या संस्थांच्या नावे धनादेश काढते, ३१ डिसेंबरपूर्वी पैसे खात्यातून जातात. येथवर सर्व यथास्थित झाले.

फेब्रुवारीत १०९९-आर येतो. त्यावर एकूण उचल १० हजार. करपात्र रकमेच्या चौकटीतही बहुधा १० हजार, आणि शेजारी एक बारीकशी खूण: करपात्र रक्कम निश्चित केलेली नाही. निश्चित कोणी करावयाची? त्या बाईने. १०४० क्रमांकाच्या विवरणपत्रावर ओळ ४-ए मध्ये तिने १० हजार लिहावयाचे, ओळ ४-बी मध्ये ६ हजार, आणि त्या ओळीशेजारी हाताने ‘क्यूसीडी’ ही अक्षरे लिहावयाची. २०२४ सालच्या विवरणापर्यंत हीच पद्धत होती. अब्जावधी विवरणे संगणकावर ताडून पाहणाऱ्या खात्याने एवढ्या रकमेचा निकाल समासातील तीन अक्षरांवर सोपवावा, याला काय म्हणावे? शिवाय हेच ४ हजार तिने देणग्यांच्या वजावटीत पुन्हा दाखवावयाचे नाहीत. एकाच दानाचा लाभ दोनदा घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. अडीचशे डॉलर वा त्याहून मोठ्या दानासाठी संस्थेची लेखी पोचपावती विवरण भरण्यापूर्वी हाती असली पाहिजे, आणि दानाच्या बदल्यात भोजन, तिकीट अगर वस्तू काही मिळाले नाही असे त्या पावतीत नमूद असले पाहिजे. मेजवानीचे एक ताट घेतले तरी सबंध रकमेची सवलत जाते.

समजा, हे तिला माहीत नाही. संगणकावरील करगणनेच्या प्रणालीत तिने कागदावरचे आकडे जसेच्या तसे भरले. दहा हजारही करपात्र ठरले. ती १२ टक्क्यांच्या पट्टीत असेल तर दान दिलेल्या ४ हजारांवर ४८० डॉलर कर वरवर दिसतो. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. सामाजिक सुरक्षेच्या वेतनावर कर लागतो तो इतर उत्पन्न किती यावर. १९८३ साली एकट्या माणसासाठी २५ हजार डॉलरची रेषा आखण्यात आली आणि १९९३ साली ३४ हजारांची दुसरी. महागाई वाढली, पगार वाढले, या रेषा मात्र आजतागायत जागच्या हललेल्या नाहीत. दुसऱ्या रेषेच्या वर इतर उत्पन्नाचा प्रत्येक डॉलर वेतनाचे ८५ सेंट करपात्र करू शकतो. त्या कात्रीत ही बाई सापडली तर ४ हजारांच्या चुकीने ७ हजार ४०० डॉलर करपात्र होतात आणि कर होतो ८८८ डॉलर. उत्पन्नाचा कागदावरील आकडा मोठा झाला की दोन वर्षांनी वैद्यकीय विम्याचा हप्ता वाढण्याची धास्ती काहींना असते ती निराळीच. भुकेल्यांना चार हजार दिले आणि त्यापायी सुमारे नऊशेचा भुर्दंड बसला, तोही एका ओळीत चुकीचा आकडा राहिल्याने.

श्रीमंताचे असे होत नाही. त्याच्या पदरी हिशेबनीस असतो, सल्लागार असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला या खिडकीतून जावे लागतच नाही. त्याने वाढलेल्या किमतीचे शेअर एखाद्या ‘देणगीदार-सल्ला निधी’त टाकले की भांडवली नफ्यावरचा कर वाचतो, त्याच वर्षी वजावटही मिळते, आणि ते पैसे प्रत्यक्ष गरजू संस्थेला केव्हा पोहोचवावयाचे याला कायद्याने मुदत घातलेली नाही. ते दहा वर्षे पडून राहिले तरी दानशूर म्हणून त्याचे नाव झालेले असतेच. क्यूसीडीच्या कर्त्यांनी हा मार्ग वृद्धांच्या खात्यांसाठी बंद ठेवला, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. सल्ला निधीला किंवा एखाद्या कुटुंबाच्या खाजगी फाउंडेशनला हे पैसे देता येत नाहीत. दान व्हावयाचे तर ते काम करणाऱ्या संस्थेच्या हाती पडावे. आमच्या मते अमेरिकन करकायद्यातील दानविषयक तरतुदींत ही सर्वांत प्रामाणिक तरतूद आहे, आणि म्हणूनच तिच्या अंमलबजावणीतील हा आंधळेपणा अधिक खटकतो.

२०१७ च्या करकायद्यानंतर तर तिचे महत्त्व फारच वाढले. त्या कायद्याने सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट केली. परिणामी देणग्या, व्याज इत्यादींची तपशीलवार वजावट मागणारे करदाते सुमारे ३० टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आले. याचा साधा अर्थ असा की दहांतील नऊ जणांच्या दानाला त्यानंतर करात काहीच किंमत उरली नाही; सवलत राहिली ती बहुतांशी वरच्या थरापुरती. २०२५ साली झालेल्या कायद्याने २०२६ पासून सरसकट वजावट घेणाऱ्यांनाही एकट्यास एक हजार आणि जोडप्यास दोन हजार डॉलरपर्यंत रोख दानाची वजावट दिली आहे. हे थोडे बरे झाले. तरीही मध्यम स्थितीतील वृद्धाला चार-पाच हजारांचे दान करमुक्तपणे द्यावयाचे असेल तर निवृत्ती खात्यातून थेट देणे हाच त्याचा खरा रस्ता आहे, आणि त्याच रस्त्यावर पाटी नाही.

पाटी लावण्याचे काम अखेर सुरू झाले आहे, हेही सांगितले पाहिजे. २०२५ सालच्या १०९९-आर फॉर्मसाठी करखात्याने ‘वाय’ हे संकेताक्षर ठरविले; थेट दानासाठी गेलेली रक्कम त्याने ओळखता यावी असा हेतू. विवरणपत्रावरही त्या वर्षापासून खूण करण्याची चौकट आली. म्हणजे समासातील हस्ताक्षराचे युग १९ वर्षांनी संपले. परंतु पहिल्या वर्षी हे अक्षर वापरणे कंपन्यांच्या मर्जीवर ठेवण्यात आले. आपली संगणक-व्यवस्था बदलावी लागेल, संस्था पात्र आहे की नाही हे आम्ही कसे ठरवावे, असे युक्तिवाद अशा वेळी पुढे येतात. ते सर्वस्वी पोकळ आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पण याच कंपन्या त्या खात्यांवर वर्षानुवर्षे शुल्क घेतात. आपली व्यवस्था बदलणे त्यांना जड जाते आणि ७५ वर्षांच्या विधवेने करखात्याची सूचनापुस्तिका वाचून काढावी हे मात्र जड वाटत नाही, हा न्याय आम्हांला उमगत नाही.

येथे आपल्याकडच्या एका व्यवस्थेची आठवण होते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ८०-जी कलमाखाली वजावट मिळणाऱ्या देणग्यांबाबत २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून असा नियम करण्यात आला की, देणगी घेणाऱ्या संस्थेनेच १०-बीडी या फॉर्मवर देणग्यांचे विवरण सरकारला द्यावे आणि देणगीदाराला १०-बीई प्रमाणपत्र द्यावे. दात्याने दिले, घेणाऱ्याने सांगितले, प्रश्न मिटला. हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत सरळ आहे. मग अमेरिकेने तीच का उचलू नये? त्याला तिकडे विरोध आहे आणि त्या विरोधाचे कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. २०१५ साली करखात्याने अशाच वळणाची एक ऐच्छिक योजना मांडली होती. देणगीदारांचे ओळखक्रमांक गोळा करणाऱ्या त्या योजनेवर आक्षेपांचा एवढा भडिमार झाला की जानेवारी २०१६ मध्ये ती मागे घ्यावी लागली. त्याही मागे इतिहास आहे. काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या सभासदांची यादी अलाबामा राज्याने मागितली तेव्हा १९५८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली, कारण यादी सरकारच्या हाती जाणे म्हणजे त्या माणसांच्या नोकऱ्या आणि जीव धोक्यात येणे हे उघड होते. कोण कोणाला पैसे देतो याच्या याद्या सत्तेच्या हाती असणे किती महागात पडू शकते, हे १९७५ नंतरची आणीबाणी पाहिलेल्या वाचकांना निराळे सांगावयास नको. आपल्याकडे १०-बीडी आला तेव्हा या अंगाने फारशी चर्चा झाली नाही, याची आम्हांला खंत वाटते.

‘वाय’ या अक्षराचा गुण असा की त्यात ही अडचण येत नाही. त्यात संस्थेचे नाव नाही, यादी नाही. एवढी रक्कम थेट दानासाठी गेली, इतकेच त्यातून कळते. दात्याचे खाजगीपण राहते आणि पुराव्याचे ओझेही उतरते. संस्था पात्र होती की नाही याची जबाबदारी दात्याकडेच राहू द्यावी, ती आजही त्याचीच आहे. तेव्हा हे अक्षर सक्तीचे करण्यास कोणतीही सबब आम्हांला दिसत नाही.

एवढे झाले तरी एक मोठा वर्ग या चर्चेच्या बाहेरच राहतो, त्याचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. क्यूसीडी आयआरए खात्यातूनच करता येते. कारखान्यातील कामगाराची बचत ज्या ४०१-के योजनेत असते तिच्यातून थेट दान देता येत नाही. पैसे आधी आयआरएत वळवावे लागतात. आणि ज्यांच्याकडे कोणतेच खाते नाही त्यांचे काय? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत निवृत्ती खाते असलेली कुटुंबे सुमारे ५४ टक्के होती. उरलेल्यांत हॉटेलातील वाढपी आहेत, शेतमजूर आहेत, वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बाया आहेत. मालकाने आजन्म निवृत्तिवेतन द्यावे ही जुनी पद्धत खाजगी उद्योगांत गेल्या चार-पाच दशकांत बहुतांशी मोडली आणि तिची जागा ज्याच्या त्याच्या खात्याने घेतली. ज्याला खाते उघडता आले नाही त्याला म्हातारपणीचा पैसाही नाही आणि दानाची सवलतही नाही. तो चर्चच्या पेटीत वीस डॉलर टाकतो ते कर भरून उरलेल्या पैशांतून. करसवलत म्हणजे सरकारी तिजोरीतून केलेला खर्चच होय. तो कोणाच्या दानाला मिळतो आणि कोणाच्या दानाला मिळत नाही हे पाहिले म्हणजे या सवलतीचा कल कोणीकडे आहे ते दिसते. आमच्या परिचारिकेने अन्नछत्राला पैसे द्यावेत आणि त्यावर तिला कर पडू नये, हे आम्हांला मान्यच आहे. पण अन्नछत्रापुढे रांगेत उभ्या असलेल्यांत तिच्याच वयाची माणसे का असावीत, हा प्रश्न कोणत्याही फॉर्मवर विचारलेला नाही.

तिकडे असलेल्या आमच्या मराठी वाचकांसाठी दोन गोष्टी. आपल्या गावच्या शाळेला किंवा इकडच्या एखाद्या संस्थेला या खात्यातून थेट धनादेश पाठवून ही सवलत मिळत नाही. संस्था अमेरिकन कायद्याखाली पात्र असली पाहिजे. तिकडे नोंदलेल्या पात्र संस्थेला पैसे देऊन तिच्यामार्फत इकडच्या कामाला मदत होऊ शकते. मात्र त्या पैशांच्या विनियोगाचा निर्णय त्या संस्थेचा असतो, दात्याचा हुकूम तेथे चालत नाही. दुसरी गोष्ट जुन्या विवरणांची. मागील वर्षांचे १०९९-आर, संस्थांच्या पोचपावत्या आणि विवरणातील ४-बी ही ओळ एकत्र ठेवून एकदा ताडून पाहावी. दानाची रक्कम करपात्र दाखवली गेली असेल तर १०४०-एक्स या फॉर्मवर दुरुस्ती करून परतावा मागता येतो. त्याची मुदत साधारणतः मूळ विवरण भरल्यापासून तीन वर्षे आहे. पावती त्या वेळीच घेतलेली असली पाहिजे. आता मागून आणलेली चालत नाही.